नऊ जणींची गढी

आमच्या भागात पक्षी म्हणजे मोर. मोरगावचा गणपती मयूरेश्वर. सुप्याच्या माळावर चिंकाऱ्यांसाठी राखलेलं जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं चिमुकलं अभयारण्य, त्याचंही नाव मयूरेश्वर. अठराव्या शतकात बारामतीत बसून ज्यांनी आर्यांचा डोंगर उभा केला आणि ज्यांच्या १०८ रामायणांची गोष्ट अजून कौतुकानं सांगतात, ते मोरोपंतही कवितेत स्वतःला मयूर म्हणवीत. उतारवयात त्यांनी देवाला ज्या हाका मारल्या त्यांचं नाव ‘केकावली’, म्हणजे मोराच्या टाहोंची ओळच. कोंबडीच्या वाट्याला मात्र आर्या आली नाही, देऊळ आलं नाही, अभयारण्य तर नाहीच नाही. खरं तर अंडं घातल्यावर ती जो कल्लोळ करते त्यातही आर्तता कमी नसते. पण तिची हाक आपल्याला हाक वाटत नाही, पावती वाटते. आपण लगेच टोपली घेऊन जातो.

अशा या मोरांच्या मुलखात मी कोंबड्या पाळतो. घर इंदापूर तालुक्यात, सणसरच्या बाजूला, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसाच्या मधोमध. बाजारहाट, दवाखाना आणि चष्म्याचा नंबर बारामतीत. निवृत्त झाल्यावर माणसं आठवणी लिहितात, नाहीतर गुडघे दाखवत हिंडतात. मला दोन्हीचा कंटाळा, म्हणून चौदा गावरान तलंगा आणल्या. सुरुवातीला त्यांना राहायला जे केलं त्याला घर म्हणणं म्हणजे छत्रीला बंगला म्हणण्यासारखं होतं. चार वासे, पडक्या पंपघराचा पत्रा आणि सगळ्याला गुंडाळलेली कोंबडीजाळी. सोळा-अठरा महिन्यांचा आडसाली ऊस चारी बाजूंनी उभा असला की घर हिरव्या विहिरीच्या तळाशी ठेवल्यासारखं वाटतं. वारा आला की पानं एकमेकांना काहीतरी सांगतात, आणि ते आपल्याबद्दलच असावं अशी शंका येते. त्या कुजबुजीत कोण कोण राहतं याची चौकशी मी कधी केली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात गाळप सुरू झालं, टोळी आली आणि शेजारचा फड चार दिवसांत तुटला. ऊस गेला की आम्हाला अचानक लांबवर दिसायला लागतं. कालव्याचा भराव, पलीकडची वस्ती, रस्त्यावरची ट्रॅक्टरची रांग. आपल्याला दिसतं तसं इतरांनाही आपण दिसायला लागतो, हे लक्षात यायला मला पाचव्या दिवसाची सकाळ उजाडावी लागली. त्या सकाळी उठल्यावर जाणवली ती शांतता. कोंबड्या असलेल्या घरात पहाटे शांतता असेल तर ती शुभ नसते. जाळीचा खालचा काठ एके जागी वीतभर उचललेला होता, इतका व्यवस्थित, की कुणी दाराचा पडदा सारून आत गेलं असावं. लिंबाच्या झाडाखाली पिसं पडली होती. चौदातल्या नऊ उरल्या होत्या. त्या नऊही कोपऱ्यात एकमेकींवर अशा रचल्या होत्या, की मोजायला त्या सुट्या कराव्या लागल्या.

कोंबडी गेली की गावात दुखवट्याला माणसं येत नाहीत, पंचनाम्याला येतात. शेजारचे तात्या काठी टेकत आले, दोन मेलेल्या काठीनंच उलट्यासुलट्या केल्या आणि म्हणाले, “माना बघा. मुंगूस.” हिचं म्हणणं, बाऊल. रानमांजराचे हिरवे डोळे तिनं आदल्या रात्री मोरीच्या खिडकीतून पाहिले होते. दूध घालणाऱ्या पोरानं गाडीवरूनच ‘बिबट्या’ असा निकाल दिला. बिबट्या हे हल्ली आमच्याकडे सगळ्याच प्रश्नांचं उत्तर झालं आहे. एकेकाळी जुन्नरच्या उसातली ही गोष्ट, आता आमच्याही उसात उतरली. पण ज्याच्या अंगात वासरू उचलायची ताकद आहे त्यानं जाळीचा काठ वीतभर उचलून सरपटत आत यावं, हे मला त्याच्या इभ्रतीला शोभणारं वाटलं नाही. मग तात्यांनी शांतपणे एकेकाची रीत समजावून सांगितली. कुत्री वरातीतल्या पोरांसारखी, खायचं नसलं तरी धिंगाणा घालून सगळं विस्कटून जातात. कोल्हा हिशेबी, एक उचलतो आणि पिसांची रेघ सोडत निघून जातो. शिक्रा दिवसाढवळ्या येतो, पण पिल्लापुरता. घूस जमिनीखालून येते. आणि धामण अंडं असं नेते, की आपण कोंबडीवरच कामचुकारपणाचा आळ घेतो. “आन् मुंगूस?” मी विचारलं. तात्या म्हणाले, “त्येला थांबायचं कळत न्हाई.” या यादीत एक नाव त्यांनी मुद्दाम घेतलं नाही. चैत्रात आमच्या गावची जत्रा असते आणि पाहुणे येतात.

मुंगसाशी माझं तसं जुनं नातं. लहानपणी शाळेच्या वाटेवर ते आडवं गेलं, की आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायची विनंती करायचो. ते थांबून, मान वळवून बघायचंही. तोंड दिसलं की दिवस चांगला जायचा, निदान गणिताचे गुरुजी रजेवर असायचे. आता साठी उलटल्यावर ते शपथेवाचून भेटायला आलं होतं. त्याच्यावर रागावणंही सोपं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगूस, कोल्हा, खोकड, बाऊल या सगळ्यांना संरक्षण दिलेलं आहे आणि ते योग्यच आहे. आमच्याच तालुक्यात कडबनवाडीला आणि पलीकडे बारामतीच्या शिर्सुफळला वनखात्यानं गवताळ सफारी सुरू केली. पुण्याची माणसं पहाटे उठून, तिकीट काढून, दुर्बिणी लावून खोकड आणि लांडगा बघायला येतात, एखादं खोकड ओझरतं दिसलं तरी धन्य होऊन परत जातात. माझ्याकडे ही मंडळी तिकिटाशिवाय, दुर्बिणीशिवाय, थेट स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत येतात. रानातल्या रानकोंबड्यालाही हाच कायदा सांभाळतो. त्याची ही बहीण मात्र कधीकाळी माणसाच्या भरवशावर दारात राहायला आली, आणि तिची सगळी जबाबदारी त्या भरवशावर येऊन पडली. म्हणजे आता माझ्यावर.

म्हणून बारामतीला गेलो. हार्डवेअरच्या दुकानात ‘जाळी पाहिजे’ म्हटल्यावर गल्ल्यावरच्या मालकांनी विचारलं, “कशाला?” कोंबड्यांना, म्हटलं. “मग कोंबडीजाळीच घ्या की,” ते म्हणाले, आणि हीच मी आधी घेतली होती. आपली भाषा इथं घात करते. मच्छरदाणीत मच्छर ठेवत नाहीत हे आपल्याला कळतं, पण कोंबडीजाळी कोंबडीला राखते असं आपण खुशाल धरून चालतो. इंग्लंडातल्या नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्ड नावाच्या लोखंडवाल्यानं १८४४ साली कापड विणायच्या यंत्रावरून स्फूर्ती घेऊन तारेची ही षटकोनी जाळी विणायचं यंत्र केलं. म्हणजे मुळात ती तारेची साडीच. कोंबड्यांना आत ठेवायला ती पुरते, कारण कोंबडीला बाहेर जायची फार घाई नसते. बाहेरच्याला बाहेर ठेवायचं काम तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कुत्रं ती दातांनी फाडतं, मुंगूस खालून उचलतं, आणि भोकं एवढी मोठी, की उंदीर आणि लहान साप नुसते चालत आत जातात. मी अर्धा इंची वेल्डमेश मागितली. मालकांनी भाव सांगितला. मी पुन्हा विचारला, म्हणजे तेवढ्या वेळात तो कमी होईल या आशेनं. मग ते म्हणाले, “एवढ्यात वर्षभर चिकन येईल, सर.” हिशेब बरोबर होता. मी पैसे दिले.

पुढचे तीन आठवडे मी कोंबड्यांचा विचार केलाच नाही. मुंगसाचा केला. भक्कम खुराडं बांधायचं तर ते कसं फोडता येईल याचा अभ्यास लागतो, आणि हा अभ्यास टेबलावर बसून होत नाही. रात्री जेवणानंतर मी बॅटरी घेऊन गुडघ्यांवर आणि तळहातांवर त्या जागेभोवती रांगायचो. जमिनीपासून नऊ इंचांवरून पाहिलं तर आपलं घर फारच निराळं दिसतं. जिथं जिथं अंधार थोडा जास्त काळा असेल तिथं वाट असते. एका रात्री असाच पत्र्याच्या फटीला नाक लावून बसलो असताना मागून तात्यांचा खाकरल्याचा आवाज आला. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फक्त हिला म्हणाले, “सरांस्नी जरा बाहेरगावी न्या चार दिस.”

चारी बाजूंनी दीड फुटाचा चर खणला. वरची काळी माती लोण्यासारखी आली, खाली मुरूम लागला आणि पहारेनं ठिणग्या टाकल्या. जाळी चरात सोडून तळाशी बाहेरच्या अंगाला फूटभर काटकोनात वळवायची, ही यातली खरी कळ. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावतं आणि बरोबर तिथंच उकरायला लागतं. खाली जाळी लागली की थांबतं, विचार करतं, आणि पुन्हा भिंतीपाशीच उकरतं. दोन पावलं मागं सरून सुरुवात करावी, हे त्याला सुचत नाही. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. मग नोकरीतली पस्तीस वर्षं आठवली, किती ठिकाणी मी भिंतीला नाक लावून उकरत बसलो होतो ते आठवलं, आणि त्या अडाणी जनावराबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागला.

इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. शिवाजी महाराजांचे हे आजोबा तिथल्याच लढाईत पडले. लहानपणी त्या गढीच्या मातीवर खेळलेलं माणूस खुराडं बांधायला निघालं, की त्याचं खुराडं राहत नाही. मी दरवाजा गोमुखी केला, रायगडाच्या महादरवाजासारखा, समोरून न दिसणारा आणि वळून आत जायचा. शत्रूला धडक मारता येऊ नये म्हणून. शत्रूचं काय झालं ते पुढं सांगतो. दाण्याचं घमेलं घेऊन वळताना मात्र रोज माझंच कोपर आपटतं. किल्ल्यांच्या गोष्टींत मला नेहमीच हिरकणी आठवते. सूर्य मावळल्यावर रायगडाचे दरवाजे बंद झाले, म्हणून घरच्या तान्ह्यासाठी ती कडा उतरून गेली, आणि राजानं तिला साडीचोळी देऊन त्या जागी बुरूज बांधला, असं सांगतात. मोठमोठ्या सरदारांना न सापडलेलं गडाचं भोक एका गवळणीला सापडलं. माझ्या नऊतली एक करडी तलंग रोज संध्याकाळी दार लावून झाल्यावर नेमकी बाहेर असते. तिचं नाव दुसरं काही ठेवणं शक्यच नव्हतं.

वेल्डिंगचं काम चालू होतं तेव्हा टोळीतली एक बाई पाणी मागायला आली. बीडकडची. फड तुटल्यावर त्यांच्या कोप्या आमच्या बांधालगत पडल्या होत्या. पाणी पिऊन झाल्यावर तिनं लोखंडी चौकट वरपासून खालपर्यंत पाहिली, जाळीत बोट घालून बघितलं, ते शिरलं नाही.

“ह्यात कोंबड्याच ऱ्हाणार का, अण्णा?”

“हो. नऊ आहेत.”

“आमची कोपी बी एवढी नसती,” ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. एखाद्यानं उंची सांगावी तसं म्हणाली.

तिच्याही तीन कोंबड्या होत्या. टायरगाडीखाली डालगं बांधून गावाहून इथवर आलेल्या. रात्री कोपीच्या तोंडाशी डालगं पालथं घालायचं, वर एक धोंडा ठेवायचा, झालं. मुंगूस येत नाही का, मी विचारलं. “येतंय की. न्हेतंय येखादी.” तिनं तांब्या उपडा करून ठेवला. “आपुन तरी काय, दुसऱ्याच्या रानातच ऱ्हातो.” वेल्डिंगवाल्या पोरानं पुन्हा ठिणग्या उडवायला सुरुवात केली, आणि उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली नाही.

गढी पूर्ण झाली. आठ बाय सहा, वर पत्रा, पत्र्यावर उन्हाळ्यासाठी उसाच्या पाचटाचा जाड थर, छताखाली वाऱ्यासाठी जाळीच्या खिडक्या. आत एकाच उंचीवर दोन गोल काठ्या. काठ्या वरखाली ठेवल्या तर सगळ्यात वरच्या जागेसाठी रोज मानापमान होतात. दाराला दोन बंदोबस्त, वर कडी-कोयंडा आणि खाली खिट्टी. दार बसवताना खालच्या बिजागरीत कुठंतरी केसभर चूक राहिली आणि आठवड्याभरात ते एका बाजूला झुकलं. म्हणून खिट्टी लावायची तर पायाच्या अंगठ्यानं दार थोडं वर उचलावं लागतं, तेव्हा ती ‘कर्र’ करून बसते. हे फक्त मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता. किल्लेदाराला एखादं गुपित लागतंच.

पहिल्या संध्याकाळी नऊतल्या एकीनंही आत पाऊल टाकलं नाही. जिथं त्यांच्या पाच बहिणी गेल्या त्याच मोडक्या वाशांवर त्या जाऊन बसल्या. हिरकणी लिंबावर चढली. सूर्य बुडाला की कोंबडीला फारसं दिसत नाही. ती जिथं असेल तिथं थिजून बसते आणि अंधारात झाडाला लागलेल्या फळासारखी होते, ज्याला हवं त्यानं तोडावी. तिच्या रानातल्या पूर्वजांना ही झाडावरची झोप चालत होती, उंच फांदी हीच त्यांची गढी. त्या पूर्वजांपैकी एक आपल्या सह्याद्रीतलाही आहे. कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आला, हे स्वीडनच्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं. लिंबाच्या काट्यांतून हिरकणीचे ते पिवळे पाय सोडवताना मी सह्याद्रीला मनातल्या मनात बरंच काही बोललो. नऊ कोंबड्या नऊ खेपांत उचलून नेल्या. सलग सात संध्याकाळ. आठव्या दिवशी त्या आपणहून रांगेनं आत गेल्या, आणि काठीवर बसून माझ्याकडे असं पाहिलं, की आम्ही कधीच्या आलोय, तुम्हालाच उशीर झाला.

मुंगूसही आलं. फेब्रुवारीतली सकाळ, दव अजून पाचटावर होतं. ते कालव्याकडून आलं, गढीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, दोन ठिकाणी थोडं उकरलं, अर्थात भिंतीपाशीच. मग मागच्या पायांवर उभं राहून पुढचे दोन्ही पंजे छातीशी घेऊन आत बघत राहिलं. आतून नऊ माना त्याच्याकडे वळल्या होत्या. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसलो होतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात हल्ली उसाला पाणी कधी द्यायचं ते कृत्रिम बुद्धिमत्तेनं ठरवायचे प्रयोग चालतात, आकाशातल्या उपग्रहाला उसाची तहान कळते म्हणे. त्याच उसातून निघून आलेलं हे राखाडी जनावर कशाच्या शोधात इथं उभं होतं, ते कळायला उपग्रह नको होता. त्याचे डोळे तांबूस, नाक ओलं, आणि चेहऱ्यावर परीक्षेत येणारा प्रश्नच बदलल्याचा भाव. जाताना त्यानं मान वळवून तोंड दाखवलं. शपथ घातलेली नसताना. मला उगीचच वाईट वाटलं.

इतकं झाल्यावर मी निर्धास्त झोपायला हवं होतं. पण जाळी जितकी भक्कम झाली तितका मी जास्त वेळा उठायला लागलो. पूर्वी ‘जाईल ती जाईल’ असं होतं. आता जाईल ती माझ्या चुकीनं जाईल. आजीचं असं नव्हतं. आमच्या जुन्या वाड्यात कोंबड्यांचं खुराडं सोप्याच्या जोत्यातच होतं, दगडात सोडलेला एक अंधारा कोनाडा, तोंडाला फरशी, आणि फरशीला टेकून फुटक्या जात्याची तळी. तिन्हीसांजेला आजी तिथं उकिडवी बसायची, खांद्यापर्यंत हात आत घालायची आणि एकेक कोंबडी चाचपून मोजायची. एक म्हणायची नाही. धान्याचं माप घेताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतात तसं तीही ‘लाभ’नंच सुरुवात करायची. लाभ, दोन, तीन. मोजता मोजताच कुणाच्या पोटात अंडं आहे ते बोटांना कळायचं, आणि उद्या सकाळी कुणाला कोंडून ठेवायचं ते ठरायचं. खुराड्यातून आतली ऊब आणि तो आंबूस वास बाहेर यायचा. मोजणी पुरी झाली की जात्याची तळी सरकवल्याचा घर्र आवाज. तो आवाज ऐकला की आम्हा पोरांनाही आपोआप झोप यायची, जणू आम्हीही मोजले गेलो होतो. मी मात्र बॅटरीच्या उजेडात, जाळीबाहेरून, एक-दोन-तीन असं मोजतो. हात आत घालायचं धाडस नाही. हिरकणी टोचते.

आणि मग मार्चमधली ती सकाळ. एका लग्नाहून रात्री उशिरा आलो होतो. उठून बघतो तर गढीचं दार सताड उघडं. वरची कडी लोंबत होती, खिट्टी लागलेलीच नव्हती, दार रात्रभर वाऱ्यावर हलत असणार. दीड फूट चर, वळवलेली जाळी, गोमुखी वळण, आणि शेवटी दार उघडं. माझ्या पोटात गोळा आला. आत बघितलं, नऊच्या नऊ काठीवर, पिसं फुलवून, डोळे मिटून. मुंगूस त्या रात्री आलंच नव्हतं, किंवा आलं असेल तर उघडं दार बघून त्याला हा काहीतरी डाव वाटला असेल. मी दार लावलं, अंगठ्यानं उचलून खिट्टी बसवली, आणि घरात काही बोललो नाही. कडी लावायला आपण विसरलो हे साठीनंतर कुणी आपणहून सांगत नाही. चहा देताना हीसुद्धा त्या दिवशी जरा गप्पच होती. कोंबड्या ठीक आहेत ना, एवढंच तिनं विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे न बघता गाळणीकडे बघत होती.

उलगडा चार रात्रींनी झाला. मी नेहमीप्रमाणे मोजून, कडी आणि खिट्टी लावून, येऊन पडलो होतो. डोळा लागता लागता शेजारी हालचाल झाली. ही उठली, पदर खोचला, बॅटरी न घेताच मागच्या दारानं गेली. मी खिडकीशी आलो. चांदणं पातळ होतं. गढीचं दार उघडलं गेलं, गोमुखी वळणावर तिचं कोपर आपटलं नाही, याचा अर्थ ही वाट तिच्या पायाखालची होती. आत कोंबड्यांनी झोपेत केलेला तो घशातला हलका गुरगुराट ऐकू आला, ओळखीच्या माणसासाठी करतात तो. मग तिचा आवाज, अगदी पुटपुटल्यासारखा. लाभ. दोन. तीन. लग्न होऊन आली तेव्हा आजीचं शेवटचं वर्ष चालू होतं. आजीचा हात थरथरायला लागला होता, म्हणून खुराड्यात हात घालायचं काम त्या वर्षी कुणीतरी तिच्याकडून शिकून घेतलं असणार, हे मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. चार. पाच. सहाला ती जरा थांबली, तिथं बहुधा अंडं होतं. हिरकणीनं तिला टोचल्याचा काही आवाज आला नाही. नऊ.

दार ओढून घेतल्याचा आवाज आला. वरची कडी खट्ट वाजली. मी कान देऊन थांबलो, पण ‘कर्र’ काही झालं नाही. खिट्टी एकदा सरकली, अडली, पुन्हा सरकली, पुन्हा अडली. अंगठ्यानं दार उचलायचं असतं, हे खिडकीतून ओरडून सांगावं असं वाटलं. पण मग मी जागा आहे हे कळलं असतं, आणि त्या सकाळचं दारही कुणाचं ते कळलं असतं. मी पटकन येऊन पडलो, तोंडावरून पांघरूण घेतलं. ती आली. हातपाय पुसले, आडवी झाली, आणि सुटल्यासारखा एक श्वास सोडला. तिचा श्वास संथ होईपर्यंत मी वाट पाहिली. मग उठलो, चपला हातात घेतल्या, आणि आवाज न करता खालची खिट्टी बघायला निघालो.